बर्फात जन्मलेली तीनचाकी

अमेरिकेच्या थंड राज्यांत बर्फ पडायला लागलं की मोटारसायकली झाकून ठेवल्या जातात आणि त्या विकणाऱ्याच्या दुकानात वसंतापर्यंत गिऱ्हाईक फिरकत नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या होंडाच्या डीलरांचं हेच दुखणं होतं. हिवाळ्यातही खपेल असं काहीतरी द्या, अशी मागणी जपानला गेली आणि ओसामु ताकेउची नावाचे अभियंते कामाला लागले. आज अलिबागजवळच्या नागावच्या वाळूत पर्यटकांना घेऊन धावणाऱ्या एटीव्हीचं, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणाऱ्या गाडीचं, मूळ इथे आहे.

होंडाच्या छोट्या मोटारसायकलींचे सुटे भाग घेऊन ताकेउचींनी दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत सगळं जोडून पाहिलं. बर्फ, चिखल आणि वाळू अशा सगळीकडे तीन चाकं सरस ठरली. पण नेहमीचे टायर मऊ बर्फात रुतून बसत. तो पेच सोडवला ‘ॲम्फिकॅट’ या जमिनीवर आणि पाण्यात चालणाऱ्या सहाचाकी गाडीनं. तिचे टायर रुंद, फुगीर आणि अगदी कमी हवेचे होते. त्याच धर्तीवर होंडानं २२ इंची टायर बनवले आणि १९७० मध्ये ‘यूएस ९०’ बाजारात आली. ८९ सीसीचं इंजिन, सात अश्वशक्ती, किंमत ५९५ डॉलर. पुढे तिचं नाव ‘एटीसी ९०’ झालं. तिला स्प्रिंगा नव्हत्या, धक्के टायरांनीच सोसायचे. १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ मध्ये जेम्स बाँड तिच्यावर बसला. शेतकऱ्यांनीही ती उचलली, तेव्हा कापणीनंतरची धसकटं त्या टायरांत घुसू लागली आणि कंपनीला टायर मजबूत करावे लागले.

आता ही रस्त्यावर न चालणारी गाडी कायद्यात बसवायची कुठे? कॅलिफोर्नियानं १९७१ मध्ये रस्त्याबाहेरच्या वाहनांसाठी वेगळा कायदा केला. त्यांची नोंदणी सुरू झाली आणि पुढे त्यांचं हिरवं स्टिकर ओळखीचं झालं. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर अशा गाड्या कुठे चालवायच्या आणि कुठे नाही, हे ठरवण्याचा आदेश काढला. मालकीच्या कागदाबाबत मात्र प्रत्येक राज्याची वाट वेगळी. कारखान्यातून गाडीबरोबर उत्पादकाचा दाखला डीलरकडे येतो आणि त्याच्या आधारे राज्य मालकीपत्र, म्हणजे ‘टायटल’, देतं. काही राज्यांनी एटीव्हीलाही ते लागू केलं, काहींनी वर्षानुवर्षं केलं नाही. मालकीपत्र नसलेली गाडी चोरीला गेली तर ती आपलीच हे सिद्ध करताना मालकाच्या नाकी नऊ येतात.

पण कागदांपेक्षा मोठा घोर गाडीच्या घडणीतच होता. मागची दोन्ही चाकं एकाच सलग आसावर पक्की बसवलेली आणि चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल नाही. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं, पण ते बाहेरच्या चाकाइतकंच फिरतं. म्हणून चालवणाऱ्याला अंगाचा भार सरकवून आतलं चाक हलकं करावं लागतं. ही युक्ती अंगवळणी नसली की गाडी सरळ जाते, नाहीतर उलटते. मोटारसायकलची सवय असलेला माणूस तोल सावरायला पाय टेकवतो आणि मागचं चाक त्याच पायावर चढतं. दुकानात मात्र ती खेळण्यासारखी दिसायची.

ऐंशीच्या दशकात खप वाढला तसे मृत्यू शेकड्यांत गेले आणि मृतांत सोळा वर्षांखालची मुलं फार होती. अखेर अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस या पाच कंपन्यांना कोर्टात खेचलं. १९८८ मध्ये कोर्टानं मंजूर केलेल्या समझोत्यात नव्या तीनचाकींची विक्री थांबली, प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली आणि सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी ९० सीसीच्या वरची गाडी विकायची नाही असं ठरलं. आधी विकलेल्या तीनचाकी मात्र परत घेतल्या गेल्या नाहीत, आणि ही मला त्या समझोत्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. पुढे २००८ च्या संघीय कायद्यानं नव्या तीनचाकींवर बंदी घातली. मॅसॅच्युसेट्सनं २०१० मध्ये, मोजके अपवाद सोडून, चौदा वर्षांखालच्या मुलांना एटीव्ही चालवायला मनाई केली.

वयाची अट दुकानात पाळली जाणं हे मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण रानावनात पोलीस नसतो. गाडी कोणाच्या हाती जाते हे विकणारा किंवा भाड्यानं देणाराच पाहू शकतो.

आपल्या किनाऱ्यांवरच्या गाड्या आता चारचाकी आहेत, त्या तितक्या सहज उलटत नाहीत. तरी बऱ्याच गाड्यांचा मागचा आस आजही तसाच सलग असतो. लेकराला पुढ्यात बसवून फेरी मारण्याचा मोह आवरा, हेल्मेट मागा, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्यांची गाडी देणाऱ्याला तोंडावर नाही म्हणा.