पटावरचे आणि उरलेले

गणित शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. निवृत्तीला दोन वर्षे उरली असता, २०२० साली टाळेबंदी आली आणि हातातला खडू सुटून समोर पडदा आला. सत्र संपल्यावर वरून एक तक्ता आला: ऑनलाइन शिक्षण कितपत यशस्वी झाले ते टक्क्यांत कळवावे. परीक्षेला बसले किती, उत्तीर्ण झाले किती, एवढाच हिशेब. मी तो इमानेइतबारे भरला आणि आकडा तर दृष्ट लागावी असा आला! पण माझ्या वर्गातली एक मुलगी पावसाळ्यात दोन दिवस पडद्यावर दिसली आणि नाहीशी झाली. घरात फोन एकच होता, तो धाकट्या भावाच्या शाळेकडे गेला. ती परीक्षेला बसलीच नाही, म्हणून नापासही झाली नाही. तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नव्हता.

हा रकाना कोणी कधी आखला होता काय, याचा शोध घेता घेता मी पन्नास वर्षे मागे, थेट अमेरिकेत जाऊन पोहोचलो.

इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी १९६० साली 'प्लेटो' नावाची संगणकीय शिक्षणयोजना सुरू केली. १९७२ च्या सुमारास तिची चौथी आवृत्ती निघाली. नारंगी अक्षरांचा सपाट पडदा, बोट टेकवताच उत्तर घेणारा. आणि गावोगावचे असे पडदे तारांनी अर्बाना येथील एकाच संगणकाला जोडलेले. त्याच सुमारास मायटर संस्थेने 'टिकिट' नावाची दुसरी योजना उभारली. (नाव ऐकून हसू येते खरे, पण आपल्या एस.टी.च्या तिकिटाशी तिचे काही नाते नाही.) तिच्यात रंगीत दूरचित्रवाणी संचासमोर विद्यार्थी बसे आणि नियम पाहायचा, उदाहरण पाहायचे की सराव करायचा, हे कळ दाबून स्वतःच ठरवी.

दोन्ही योजनांना पैसा तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा. या प्रतिष्ठानाने एक शहाणपण केले. आपल्या मुलाची पत्रिका आपणच पाहायची नाही, या न्यायाने त्याने परीक्षणाचे काम प्रिन्स्टनच्या 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' या त्रयस्थ संस्थेकडे सोपवले. सत्तरीच्या दशकात या मंडळींनी सामान्य घरांतली मुले जिथे शिकत, त्या कम्युनिटी कॉलेजांत बसून हिशेब मांडला.

प्लेटो मुलांना आवडले, शिक्षकांनाही आवडले. पण गुणांत नेहमीच्या वर्गांपेक्षा सातत्याने दिसेल असा फरक पडला नाही. टिकिटची गोष्ट अधिक बोलकी आहे. ज्यांनी त्यावर गणिताचा अभ्यासक्रम पुरा केला, त्यांना व्याख्यानांना बसणाऱ्या मुलांपेक्षा चांगले गुण पडले. इथेच अहवाल थांबला असता तर पेढे वाटले गेले असते! परंतु परीक्षकांनी दुसराही आकडा छापला: व्याख्यानाच्या वर्गात अभ्यासक्रम पुरा करणारे निम्म्याच्या आसपास, तर टिकिटवर सहांत जेमतेम एक.

वाचकहो, त्या दोन आकड्यांपैकी पहिलाच ठेवला की माझा तक्ता तयार होतो.

गळतीचे कारण मला तरी परके वाटत नाही. आपल्या गतीने शिका म्हटले की आपल्या गतीने उद्यावर टाकण्याचीही मुभा मिळते. इंग्रजी लेखनाच्या अभ्यासक्रमात यंत्राच्या जोडीला प्राध्यापकही असत; तिथे चित्र गणिताइतके बिकट नव्हते.

१९८३ साली रिचर्ड क्लार्क या अभ्यासकाने मोठी मार्मिक उपमा दिली: वाणसामान आणणाऱ्या मोटारीने कोणाचे पोषण होत नाही, तसे नुसत्या साधनाने कोणी शिकत नाही. हे मी घरी वाचून दाखवले. फराळाच्या तयारीत असलेल्या आमच्या सौभाग्यवती झाऱ्या न थांबवता म्हणाल्या, "पण मोटार दारापर्यंत आलीच नाही तर?" क्लार्कसाहेबांचे म्हणणे मला पटते; पण हा प्रश्न अधिक पटतो.

हा धडा अमेरिकाही विसरली. २०१३ साली कॅलिफोर्नियात सॅन होजे राज्य विद्यापीठाने युडॅसिटी कंपनीबरोबर गणिताचे अभ्यासक्रम मोठ्या गाजावाजाने काढले. पहिल्या सत्रात बहुतेक मुले नापास झाली. उन्हाळ्यात निकाल सुधारला खरा, पण त्या खेपेला निम्म्याहून अधिक विद्यार्थी आधीच पदवीधर होते!

दुसऱ्या वर्षी तक्ता आला तेव्हा मी पट्टीने एक जादा रकाना आखला: 'पहिल्या दिवशी होते, शेवटी नव्हते.' 'विहित नमुन्यात भरावे' असा शेरा घेऊन तो परत आला. मी तसाच पुन्हा पाठवला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वर्ग पुन्हा भरले. ती मुलगी नव्याने नाव घालून आली होती, पहिल्याच बाकावर. तास संपल्यावर जुनी वही उघडून म्हणाली, "सर, तेव्हा माझं इथपर्यंत झालं होतं." वहीत दीड पान लिहिलेले होते.