वऱ्हाडी घरांतील ठेव व अडगळ

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह व राज्यक्रांत्या आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. घरांतील मडकीं, पेट्या व गांठोडीं यांचाहि इतिहास असूं शकतो, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. वस्तुतः मनुष्य काय मिळवितो यापेक्षां तो काय ठेवितो व काय टाकितो, यावरून त्याच्या काळाचें अंतरंग अधिक उघड होतें. अमरावतीस किंवा अकोल्यास दिवाळी जवळ आली कीं दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत जो वाद माजतो, तो आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असेल. माळ्यावरील पेटी खालीं येते. सून म्हणते, यांतलें कांहींच लागत नाहीं. सासूबाई म्हणतात, असूं द्या, कधीं तरी लागेल. शेवटीं पेटी एक तर पुन्हां माळ्यावर चढते, नाहीं तर भंगारवाल्याच्या गाडीवर जाते. आणि दोन्ही प्रसंगीं ती कोणी उघडून नीट पाहिलेली नसते. हा वाद जागेचा आहे अशी सर्वांची समजूत आहे. आमच्या मतें तो केवळ जागेचा नव्हे. आणि तो कशाचा आहे हें समजण्यास वऱ्हाडांतील जुन्या घराकडे थोडें वळून पाहिलें पाहिजे.

जुनीं घरें मोठीं होतीं म्हणून त्यांत सर्व कांहीं मावत असे, ही पहिली चुकीची समजूत. देशमुख-देशपांड्यांच्या गढ्या मोठ्या होत्या खऱ्या. पण गांवांत गढी एक, आणि तिच्या भोंवतीं घरें शंभर. तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, पुढें ओसरी आणि मागें चुलीची जागा, एवढ्यांत कुणब्याचा सारा संसार होई. मात्र त्या लहान घरांतहि प्रत्येक वस्तूस तिचें ठिकाण ठरलेलें असे. दूधदुभतें आढ्याला टांगलेल्या शिंक्यावर, दिवा कोनाड्यांत, नित्याचीं भांडीं फडताळांत, डाळी, बी-बियाणें, मीठ, मिरची हीं मडक्यांवर मडकीं रचलेल्या उतरंडींत, वर्षाची ज्वारी शेणानें लिंपलेल्या कणगींत. ज्याचें घर बरें असे, त्याच्या भिंतीच्या पोटांत धान्यासाठीं बळद असे.

याहून अधिक धान्य असे त्याचें पेव. गांवाची वस्ती ज्या मातीवर असते तिला ‘पांढरी’ म्हणतात व शेताच्या जमिनीला ‘काळी’. पेव खणावयाचें तें पांढरींत. कारण काळी माती पावसांत फुगते, उन्हांत भेगाळते व ओल धरते. आंतून कडबा लावून, तोंड मातीनें बंद केलेल्या पेवांत हवा शिरत नसे. म्हणून किडाहि जगत नसे. तोंड उघडल्यावर मनुष्य लगेच आंत उतरत नसे. कोंडलेली हवा प्राण घेते हें सर्वांस ठाऊक होतें. सांठवणीची ही विद्या कोणत्याहि पोथींत लिहिलेली नव्हती. पण घरोघर ती होती.

तथापि या घराचें खरें मर्म त्याच्या सांठवणींत नाहीं. वस्तूला घरांत येण्याची जशी एक वाट होती, तशीच बाहेर जाण्याचीहि एक ठरलेली वाट होती. हें त्याचें मर्म होय. कणगींतील ज्वारी पुढील सुगीपर्यंत संपे, आणि तिचाच कांहीं भाग बलुतेदारांच्या घरीं जाई. लुगडें विरलें कीं त्याची वाकळ होई. वाकळ फाटली कीं तिचें पोतेरें होई. पितळेचें भांडें चेपलें, फुटलें, तर त्याची मोड देऊन कासाराकडून नवें घ्यावयाचें. कापूस वेंचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी चुलींत जळे, तिच्या राखेनें भांडीं घांसलीं जात, आणि शेवटीं ती राख उकिरड्यावरून शेतांत जाई. ‘अडगळीची खोली’ हा शब्द ज्या घरांत होता तें घर श्रीमंताचें असे. इतरांकडे अडगळ होण्यापूर्वींच वस्तु दुसऱ्या रूपानें कामास लागे. या व्यवस्थेचें आम्ही गोडवे गात नाहीं. तिच्या मुळाशीं दारिद्र्य होतें, आणि बलुत्याच्या व्यवस्थेंत जातीचा जाच होता. परंतु घर स्वच्छ राहण्याचें कारण मोठी जागा नसून मोकळी वाट हें होतें, एवढें त्यावरून निश्चित ठरतें.

ही वाट बुजण्यास वऱ्हाडांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आरंभ झाला. १८५३ सालीं निजामानें हा प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें; तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं अकोला व बडनेऱ्यावरून जाणारी आगगाडी नागपुरास पोंचली. ज्या गाडींतून कापसाच्या गांठी मुंबईस गेल्या, त्याच गाडींतून परततांना पत्र्याच्या पेट्या, काचेच्या हंड्या, भिंतीवरचीं घड्याळें, छत्र्या, कंदील आणि रॉकेलचे डबे आले. त्यांतला रॉकेलचा डबा तेवढा वऱ्हाडी गृहिणीनें आपल्या जुन्या शास्त्रांत बसविला. रॉकेल संपलें कीं त्यांत धान्य भरावें, पाणी तापवावें, आणि गंजला कीं कापून त्याचा पत्रा छपराला लावावा. बाकीच्या वस्तूंना मात्र बाहेर जाण्याची वाटच नव्हती. बंद पडलेल्या घड्याळाची वाकळ होत नाहीं! तें भिंतीवरून माळ्यावर गेलें आणि तेथेंच राहिलें. वऱ्हाडांतील अडगळीचा जन्म असा समृद्धीच्या पोटीं झाला आहे.

समृद्धीचा हा भरंवसाहि टिकला नाहीं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत गरिबांच्या घरांतील भांडींकुंडीं व दागिने धान्यासाठीं बाजारांत गेले. ज्या पिढीनें तें पाहिलें, तिच्या मनांत ‘कधीं तरी लागेल’ हा मंत्र कायमचा बसला. आजच्या आजीबाई रिकामी बरणी टाकूं देत नाहींत म्हणून तरुण मंडळी हंसतात. पण त्या हट्टाच्या मागें, त्यांच्या आजीनें पाहिलेल्या रिकाम्या कणगीची आठवण असूं शकेल, हें त्यांनीं लक्षांत घ्यावें.

याच भूमीनें उलट टोंकाचा पुरुषहि निर्माण केला. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगे महाराजांचा संसार म्हणजे अंगावरच्या चिंध्या, हातांतला खराटा आणि एक मातीचें गाडगें. त्यांनीं धर्मशाळा बांधविल्या, पण स्वतःसाठीं घर बांधलें नाहीं. वेळ पडल्यास जेवणाचें ताट मोडावें, भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलास शाळेंत घालावें, असा त्यांचा उपदेश होता. १९५६ सालीं ते निवर्तले. त्यांच्या उपदेशांत संग्रहाचें एक सूत्र आहे. वस्तु मोडावयाची ती केवळ नकोशी झाली म्हणून नव्हे. तिच्याहून मोलाचें कांहीं तरी राखावयाचें असतें म्हणून. ताट जावें आणि अक्षर रहावें, हा तो क्रम होय.

आमच्या घरांत आज नेमकें याच्या उलट घडत आहे. ताट राहतें आणि अक्षर जातें. स्टीलचे दोन डझन पेले कपाटांत जपून ठेविले जातात, कारण ते अहेरांत आलेले असतात; आणि आजोबांचें पत्रांचें पुडकें, आजीची हिशेबाची वही, ओव्यांचें बाड हीं रद्दींत जातात, कारण कागदाला रद्दीची वाट आयती उघडी असते. येथें आम्हांस वऱ्हाडचाच दाखला द्यावयाचा आहे.

कारंजा हें गांव पूर्वीं अकोला जिल्ह्यांत होतें. १९९८ पासून तें वाशीम जिल्ह्यांत आहे. तेथील जैन मंदिरांत पिढ्यान् पिढ्या हस्तलिखितें जतन झालीं. फडक्यांत गुंडाळलेलीं तीं पुस्तकें कोणी वरवर पाहिलीं असतीं तर जुना कागद म्हणूनच सोडून दिलीं असतीं. १९२६ सालीं रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूचि प्रसिद्ध केली आणि विद्वानांचें लक्ष या संग्रहाकडे वळलें. पुढें अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांतील प्राध्यापक हिरालाल जैन यांनीं अपभ्रंश भाषेंतील ग्रंथ या भांडारांच्या आधारें संपादिले. पुष्पदंताचें ‘णायकुमारचरिउ’ १९३३ सालीं बाहेर आलें. मराठी व हिंदी या भाषांच्या पूर्वजन्माचा पुरावा असा कारंजाच्या गांठोड्यांत होता. याच प्राध्यापकांनीं पुढें, मूडबिद्री येथें ताडपत्रांवर जपलेल्या ‘षट्खंडागमा’चा पहिला भाग, नवव्या शतकांतील वीरसेनाच्या ‘धवला’ टीकेसह, १९३९ सालीं अमरावतीहून प्रसिद्ध केला.

दुसरा दाखला रिद्धपूरचा. अमरावती जिल्ह्यांतील हें महानुभावांचें क्षेत्र. येथें म्हाइंभटानें चक्रधर स्वामींच्या आठवणी, त्या पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारून विचारून, तेराव्या शतकांत गोळा केल्या, तेंच ‘लीळाचरित्र’. संप्रदायाची परंपरा सांगते कीं मूळ प्रत परचक्रांत नाहींशी झाली, आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून ती पुन्हां लिहून घेण्यांत आली. पुढें ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहिले जाऊं लागले. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं त्या लिपीची उकल केली, आणि वऱ्हाडचेच सुपुत्र डॉ. वि. भि. कोलते यांनीं संपादिलेलें ‘लीळाचरित्र’ १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांनीं हीं पुस्तकें शतकानुशतकें राखलीं ते मुख्यतः संन्यासी होते. त्यांस घरदार नव्हतें, पेटारे नव्हते. संग्रह सोडलेल्या माणसांनीं हा संग्रह केला, हें विशेष होय. सर्व कांहीं ठेवणाऱ्यास काय मोलाचें तें निवडावें लागत नाहीं. ज्याच्या झोळींत एकच पोथी मावते, तो ती विचारपूर्वक निवडतो आणि पुन्हां पुन्हां वाचतो. या दृष्टीनें पाहतां लहान घर हें संकट नसून निवड शिकविणारा गुरु आहे.

आणि त्या पोथ्यांत काय होतें? केवळ ब्रह्मज्ञान नव्हतें. कोणी काय रांधलें, कोणी रुसलें, कोणी कोणास काय विचारलें, अशा घरगुती गोष्टी ‘लीळाचरित्रां’त भरलेल्या आहेत. मराठीची आद्य कवयित्री महदाइसा हिचे ‘धवळे’ रिद्धपुरींच रचले गेले. सातशें वर्षांपूर्वींच्या एका बाईचें लग्नांतलें गाणें आज आपणांस वाचावयास मिळतें, याचें कारण तें कोणास तरी ठेवण्यासारखें वाटलें. आजच्या दिवाळींत जी वही सर्वांआधीं बाहेर जाते, ती बहुधा घरांतील बाईच्या हातची असते. पुरुषाचें प्रमाणपत्र, शेताचा कागद, पेन्शनचा हुकूम हीं फायलींत राहतात. लोणच्याचें प्रमाण, किराण्याचा भाव, माहेरचें पत्र व गाण्यांची वही हीं किलोच्या भावानें जातात. १८९९ सालीं अकोल्याच्या एखाद्या घरांत काय शिजत होतें हें सरकारी अहवाल सांगणार नाहींत. तें सांगणारी वही कोणत्या तरी स्वयंपाकघरांत असेल तर असेल.

म्हणून घर आवरूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. अवश्य आवरावें, आणि निर्दयपणें आवरावें. अहेराचे पेले, बंद पडलेलीं यंत्रें, घरबसल्या मागविलेल्या वस्तूंचीं रिकामीं खोकीं यांस जुन्या घराप्रमाणें वाट काढून द्यावी. दुसऱ्याच्या कामास येईल तें द्यावें, मोडीचें मोडीस घालावें. कागदाच्या बाबतींत मात्र एक नियम पाळावा. वाचल्याशिवाय कांहीं टाकूं नये, आणि घरांतील सर्वांत वडील बाई हयात आहे तोंवर तिला विचारल्याशिवाय तर मुळींच टाकूं नये. छायाचित्राच्या मागें शिसपेन्सिलीनें नांवें व साल लिहावें. नांवें सांगणारें मनुष्य गेलें कीं तें चित्र मुकें होतें. ठेवावयाचे कागद स्लॅबच्या लगत माळ्यावर टाकूं नयेत. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत तेथें कागदाचा पापड होतो. प्लॅस्टिकच्या पिशवींत ओल कोंडते. त्यापेक्षां धुतलेल्या सुती फडक्यांत बांधून भिंतीपासून दूर, कपाटाच्या मधल्या खणांत ठेवावे आणि पावसाळा सरल्यावर वर्षांतून एकदां सोडून पाहावे. मोडी दप्तर वा हस्तलिखित असेल आणि घरीं खरोखरच जागा नसेल, तर नागपूरचें विदर्भ संशोधन मंडळ किंवा १९१० सालीं राजवाड्यांनीं स्थापिलेलें पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ अशा संस्थांकडे विचारणा करावी. मंदिरें व मठ यांनीं जें जपलें तें श्रद्धेनें जपलें. आपल्या दोन खोल्यांत तेवढी श्रद्धा नसली तरी वर्षांतून एक दुपार पुरेशी आहे.