मसाल्याच्या खोक्यातला अणू

तळवली हे घणसोलीला लागून असलेलं जुनं आगरी-कोळी गाव. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्यापलीकडे पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याला पसरलेली एमआयडीसी. भातशेती आणि मिठागरांच्या या पट्ट्यात १९६० नंतर कारखाने आले, १९७० मध्ये सिडको आली आणि गावठाणांभोवती शहर उभं राहिलं. इथून लोकलनं दक्षिणेला दोन-तीन स्थानकं गेलं की एपीएमसीचा मसाला बाजार. त्याच परिसरात वाशीला केंद्र सरकारच्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचा, म्हणजे ‘ब्रिट’चा, एक संच जानेवारी २००० पासून चालू आहे. मिरचीपूड, हळद, धणे-जिरे भरलेली खोकी एका जाड काँक्रीटच्या खोलीत शिरतात, कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूभोवती फिरतात आणि बाहेर येतात. आतले जंतू मेलेले असतात. मसाला गरमसुद्धा होत नाही, म्हणून त्याचा वास टिकतो.

खोलीत नेमकं काय घडतं हे सांगायचं तर अणूचं एकच चित्र पुरत नाही. गेल्या दोनशे वर्षांत माणसानं अणूची जी चित्रं काढली, त्यांतली बहुतेक सगळी लागतात. नवं आलं की जुनं रद्दीत, अशी समजूत शाळेपासून पक्की झालेली असते. या खाडीकाठी पाहिलं तर तसं दिसत नाही.

आधी शब्दाचा घोळ. मराठी मुलगा अणू शिकतो तेव्हा त्याला ऑक्सिजनचा एक कण अभिप्रेत असतो आणि दोन कण जोडले की तो ‘रेणू’ म्हणतो. हिंदी पुस्तकात मात्र पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. त्यामुळे खाडीपलीकडच्या वसाहतीचं नाव अणुशक्तीनगर आणि तिथल्या खात्याचं हिंदी नाव ‘परमाणु ऊर्जा विभाग’, असा मजेशीर संसार सुखानं नांदतो. मराठीनं ‘रेणू’ उचलला हे बरंच झालं. तुकोबांमुळे अणुरेणूंची जोडी आधीच घरोघरी ओळखीची होती.

परमाणू हा शब्द वैशेषिकांचा, कणादाच्या परंपरेतला. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक आणि हे त्र्यणुक म्हणजे झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगणारा, डोळ्यांना दिसणारा सर्वांत लहान कण, अशी ती मांडणी. तर्क म्हणून ती देखणी आहे. पण या परमाणूचं वजन कोणी केलं नव्हतं, करायचा प्रश्नही नव्हता. तेव्हा ‘आपल्याकडे हे सगळं आधीच होतं’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

वजनाचा प्रश्न इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या जॉन डाल्टन या शिक्षकानं धसाला लावला. १८०८ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं मांडलं, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकसारखे आणि ठरावीक वजनाचे असतात आणि ते ठरावीक प्रमाणातच जोडले जातात. त्याचा अणू म्हणजे भरीव गोळी. समजावून द्यायला तो लाकडी गोळेही वापरत असे. गडी चुकलाही: पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू आहे असं धरल्यामुळे त्याच्या हिशेबात ऑक्सिजनचं वजन सोळाऐवजी सातच्या आसपास आलं. तरीही ठाणे-बेलापूर पट्ट्यातला रसायन उद्योग चालला तो या गोळीच्या हिशेबावर. १९६० च्या दशकाअखेर याच रस्त्यावर ‘नोसिल’नं नाफ्था फोडून इथिलीन काढायला सुरुवात केली. तिथल्या केमिस्टला अणूच्या पोटात काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हतं. कार्बनचे दोन अणू म्हणजे चोवीस, हायड्रोजनचे चार, एकूण अठ्ठावीस. एवढ्यावर त्याची पाळी निभावत असे.

गोळीला तडा गेला १८९७ मध्ये. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांना अणूहून कितीतरी हलका, ऋणभारित कण सापडला, इलेक्ट्रॉन. अणूच्या आत काहीतरी आहे हे उघड झालं. १९०४ मध्ये थॉमसननी धनभाराच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन रुतलेले दाखवले. इंग्रजांनी त्याला प्लम पुडिंगची उपमा दिली. ते आपल्या मुलांनी कधी खाल्लेलं नसतं. शिऱ्यातले बेदाणे म्हटलं तरी काम भागतं. हे एकच चित्र मात्र खरोखर टाकून द्यावं लागलं, आणि तेही सातच वर्षांत.

त्याची कथा सांगण्याजोगी आहे. मँचेस्टरमध्ये अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या हाताखाली हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन ही तरुण जोडी काम करत होती. मार्सडेन तर विशीतला विद्यार्थी. सोन्याच्या अतिपातळ वर्खावर अल्फा कण सोडायचे आणि पलीकडच्या पडद्यावर उमटणाऱ्या ठिणग्या सूक्ष्मदर्शकातून मोजायच्या, असा उद्योग. त्याआधी अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत बसून राहायचं. शिऱ्यातून बंदुकीची गोळी जावी तसे कण आरपार जायला हवे होते, आणि बहुतेक जातही होते. पण १९०९ मध्ये दिसलं, की काही हजारांत एखादा कण चक्क मागे फिरतो. रदरफर्डना याचा अर्थ लावायला दीड-दोन वर्षं लागली. १९११ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की अणूचा धनभार आणि जवळपास सगळं वजन मधोमध एका चिमुकल्या केंद्रकात एकवटलेलं आहे. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम म्हणजे सोन्याचा एक अणू धरला, तर केंद्रक खेळपट्टीच्या मध्यावर ठेवलेला हरभऱ्याचा दाणा. बाकी स्टेडियम रिकामं, आणि त्या रिकामपणात एकोणऐंशी इलेक्ट्रॉन.

यातही एक पेच होताच. भोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉननं ऊर्जा गमावत क्षणार्धात केंद्रकात कोसळायला हवं. तो का कोसळत नाही?

उत्तराचा एक धागा आपल्याकडच्या सूर्यग्रहणापाशी पोचतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची सावली कोकणातून पूर्वेला गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन वर्णपटदर्शक रोखून उभे होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशात सलग इंद्रधनुष्य नव्हतं, सुट्या तेजस्वी रेषा होत्या. त्यांतली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. तेच पुढे हेलियम ठरलं. त्याचं श्रेय ज्यांना मिळालं ते नॉर्मन लॉकयर विजयदुर्गावर होते असं कोकणात अभिमानानं सांगतात. प्रत्यक्षात ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि ती रेषा त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहणाविना पाहिली. ग्रहण मात्र कोकणातून खरंच गेलं होतं.

प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या का, हे कोणाला कळत नव्हतं. १९१३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी धाडस केलं: इलेक्ट्रॉनला वाटेल तिथे फिरता येत नाही, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या ठरावीक कक्षाच त्याला मोकळ्या असतात. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरला की दोन पायऱ्यांतला फरक प्रकाश म्हणून बाहेर पडतो. अधल्यामधल्या रंगाचा प्रकाश निघूच शकत नाही. एलईडी येण्याआधी रस्त्यारस्त्यावर सोडियमचे दिवे होते, रात्री सगळ्या गाड्या एकाच मळकट रंगाच्या दिसायच्या, ते आठवावं. तो पिवळा रंग म्हणजे सोडियमच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनची एक ठरलेली उतरण.

बोर यांच्या जिन्यावरही टाच आली. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांच्या समीकरणानं कक्षा पुसल्या आणि इलेक्ट्रॉन कुठे असण्याची शक्यता किती, एवढाच धुरकट ढग ठेवला. चित्र म्हणून तो कोणालाच नीट काढता येत नाही. त्यामुळे जगभरच्या अणुऊर्जा खात्यांच्या फलकांवर आजही केंद्रकाभोवती लंबवर्तुळंच फिरतात.

१९३२ मध्ये पुन्हा कॅव्हेंडिशमध्येच जेम्स चॅडविक यांना केंद्रकातला भाररहित कण, न्यूट्रॉन, सापडला. तेव्हा केंब्रिजमध्ये मुंबईचा एक पारशी तरुण शिकत होता. त्यानं इंजिनियर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावं असा घरच्यांचा बेत होता. तो इंजिनियरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला आणि मग त्यानं पदार्थविज्ञान धरलं. ते होमी भाभा. १९५४ मध्ये त्यांनी ट्रॉम्बेला अणुशक्ती आस्थापनेचं काम सुरू केलं आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही देशातली पहिली अणुभट्टी तिथे चालू झाली. ट्रॉम्बेचं मराठी नाव तुर्भे. खाडीच्या अलीकडेही तुर्भेच. एका तुर्भ्यात न्यूट्रॉन, दुसऱ्यात कांदा-बटाटा आणि मसाला.

वाशीच्या खोलीतलं कोबाल्ट न्यूट्रॉनमुळेच घडतं. नेहमीच्या कोबाल्टच्या केंद्रकात सत्तावीस प्रोटॉन आणि बत्तीस न्यूट्रॉन असतात. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुभट्टीत त्याला आणखी एक न्यूट्रॉन चिकटतो आणि कोबाल्ट-६० तयार होतं. ते अस्थिर. त्याचं केंद्रक निकेलमध्ये बदलतं आणि दोन गॅमा किरण फेकतं. ते मिरचीपुडीतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उखडतात, त्या धुमश्चक्रीत जंतूंचा डीएनए तुटतो. पण मिरचीतल्या केंद्रकांना धक्का लावण्याइतकी ताकद या किरणांत नसते, म्हणून मसाला स्वतः किरणोत्सारी होत नाही. ग्राहकाच्या मनातल्या भीतीचं उत्तर असं रदरफर्डच्या हरभऱ्यात आहे.

कोबाल्टचा कोणता अणू केव्हा बदलेल हे कोणालाच सांगता येत नाही. तो श्रोडिंगरच्या काळापासूनचा शक्यतेचा मामला. सगळ्या अणूंचा मिळून हिशेब मात्र चोख लागतो: सव्वापाच वर्षांत निम्मे, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का घट. नवं कोबाल्ट येईपर्यंत स्रोत असा हळूहळू मंदावत राहतो आणि वाशीतलं मसाल्याचं खोकं त्याच्याभोवती आदल्या महिन्यापेक्षा थोडा जास्त वेळ फिरवावं लागतं.