पोलीस स्मृती दिन : २१ ऑक्टोबरलाच का? हॉट स्प्रिंग ते केडंबे, जाणून घ्या संपूर्ण माहिती

दरवर्षी २१ ऑक्टोबरला सकाळी जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर बिगुल वाजतो, बंदुका उलट्या धरून जवान मान खाली घालतात आणि एकेक नाव वाचलं जातं. हा पोलीस स्मृती दिन. कर्तव्य बजावताना ज्यांना वीरमरण आलं, त्यांना मानवंदना देण्याचा दिवस. गावाकडे बऱ्याच जणांना याची तारीख माहीत असते, पण त्यामागची घटना माहीत नसते.

१९५९ साली काय घडलं?

तेव्हा तिबेटला लागून असलेली भारताची सीमा पोलीस दलाचे जवान सांभाळत होते. लडाखमध्ये हॉट स्प्रिंग नावाचं ठिकाण आहे. उंची पंधरा हजार फुटांहून जास्त, थंडी हाडं गोठवणारी. २० ऑक्टोबर १९५९ रोजी तिथून पुढच्या वाटेची पाहणी करायला तीन तुकड्या निघाल्या. दोन तुकड्या दुपारपर्यंत परत आल्या. तिसऱ्या तुकडीतले दोन शिपाई आणि एक हमाल मात्र परतलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २१ ऑक्टोबरला, अधिकारी करमसिंग यांच्या नेतृत्वाखाली सुमारे वीस जवान त्यांच्या शोधात निघाले. करमसिंग घोड्यावर, बाकीचे पायी. दुपारच्या सुमारास टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी गोळीबार सुरू केला, हातबॉम्ब फेकले. आपले जवान खाली उघड्यावर होते, आडोसा नव्हता. त्यात १० जवान धारातीर्थी पडले. सात जखमी जवानांना चिनी सैनिकांनी कैद केलं. हुतात्म्यांचे मृतदेह ताब्यात मिळायला १३ नोव्हेंबर उजाडला. हॉट स्प्रिंगलाच त्यांच्यावर पोलीस इतमामात अंत्यसंस्कार झाले.

दिवस कधी ठरला?

जानेवारी १९६० मध्ये सर्व राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांची परिषद झाली. २१ ऑक्टोबर हा दिवस देशभर पाळायचा, असं त्यात ठरलं. हॉट स्प्रिंगला स्मारक उभं राहिलं. देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतल्या पोलिसांचं पथक दरवर्षी तिथं जाऊन अभिवादन करतं.

दिल्लीत चाणक्यपुरी इथं राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. मधोमध ३० फूट उंचीची ग्रॅनाइटची शिळा आहे. शेजारच्या शौर्य भिंतीवर स्वातंत्र्यापासून कर्तव्यावर प्राण गेलेल्या पोलिसांची नावं कोरली आहेत. लोकार्पणाच्या वेळी ती ३४,८४४ होती.

महाराष्ट्राचा वाटा

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांच्यासह अनेक पोलिसांनी प्राण दिले. गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हातानं पकडून ठेवली. हातात होती फक्त काठी. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं.

गडचिरोलीनं तर असे प्रसंग वारंवार सोसले. ऑक्टोबर २००९ मध्ये भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीत १७ पोलिसांना वीरमरण आलं. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनालाच, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. त्यात शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक असे १६ जण गेले. पोलिसांना नेणारा हा चालक वर्दीतला नव्हता, हेही विसरून चालणार नाही.

मैदानावर काय होतं?

आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून चालू वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर प्राण गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. मग 'शोक शस्त्र' मानवंदना, पुष्पचक्र आणि हवेत बंदुकीच्या फैरी. हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना सन्मानानं बोलावलं जातं.

गावानं काय करावं?

हार-फुलं एक दिवसाची असतात, घरच्यांची अडचण वर्षभराची. त्यामुळे गावाला जमण्यासारख्या काही गोष्टी :

• आपल्या गावातलं कुणी पोलीस दलात हुतात्मा झालं असेल, तर त्यांचं नाव, घटना आणि तारीख शाळेच्या फलकावर लिहावी. पोरांना आपल्याच गावचा माणूस कळू द्या.
• ग्रामपंचायतीनं त्या दिवशी घरच्यांची विचारपूस करावी. दाखले, वारस नोंद, मुलांच्या शिक्षणाचे अर्ज यात कुणीतरी सोबत जावं. एकट्या बाईला कचेरीचे हेलपाटे पडू नयेत.
• मदत करायची असेल तर खात्री करूनच करावी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर पैसे टाकू नका. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाचं 'भारत के वीर' हे अधिकृत संकेतस्थळ आहे. राज्य पोलिसांच्या कुटुंबाला मदत करायची तर जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयात चौकशी करावी.

मैदानावर जाता आलं नाही तरी हरकत नाही. २१ तारखेला सकाळी दोन मिनिटं थांबून आपल्या तालुक्यातलं एक नाव आठवा आणि घरातल्या पोरांना ते सांगा.