चष्म्याच्या दुकानातला काळापहाड

चाळीसगावला धुळ्याची गाडी धरायची तर हातात वडा आणि पिशवीत अर्नाळकर, असे ते दिवस होते. वाचनालयातली प्रत मिळालीच, तर पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले असे. जळगाव काय, धुळे काय, हा खोडसाळपणा सगळीकडे सारखाच!

बाबूराव अर्नाळकरांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत चष्म्यांचे दुकान चालवणाऱ्या या गृहस्थाने हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड घरोघर पोचले. प्रेरणा कुठली म्हणाल, तर इंग्रजी रहस्यकथांची, हे उघडच आहे. त्यांच्याही आधी गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी पेहराव चढवला होता. पण उसनेपणाचा ठपका ठेवून मोकळे होणे मला पटत नाही. परक्या कथानकातला माणूस आपल्याच गल्लीतला वाटायला हवा, तर लेखकाचा कान तयार असावा लागतो. पुढे सुहास शिरवळकरांनी (१९४८-२००३) बॅरिस्टर अमर विश्वास आणि दारा बुलंद उभे केले, तेव्हा वाचणारी पिढी आयती तयार होती. ती तयार केली अर्नाळकरांनी.

अर्नाळकर १९९६ साली गेले. समीक्षकांनी या लेखनाकडे फारसे पाहिलेच नाही, आणि हातोहात फिरून झिजलेल्या प्रती रद्दीत गेल्या. उद्या कुणाला या वाचनाचा इतिहास लिहायचा झाला, तर पुस्तके आणायची कुठून?

माझ्या ट्रंकेत एक प्रत उरली आहे. शेवटची चार पाने नाहीत. खुनी कोण, ते पेन्सिलीच्या त्या अक्षरावरूनच कळते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)