इतिहासपूर्व महाराष्ट्र आणि सुताचा एक धागा

यंदाच्या स्मरणिकेसाठी 'आपल्या ज्ञातीची प्राचीनता' या विषयावर लेख लिहून द्यावा, अशी आज्ञा मंडळाच्या कार्यकारी समितीने आम्हांस केली. ही आज्ञा आम्ही अर्धीच पाळीत आहो आणि त्याचे कारण आरंभीच सांगितलेले बरे. मंडळाच्या रौप्यमहोत्सवी अंकात याच विषयावर आम्ही पूर्वी एक लेख लिहिला होता. आपल्या ज्ञातीची परंपरा पाच सहस्र वर्षांची आहे, असे छातीठोक विधान त्यात होते. पुढे ते विधान संमेलनांतील भाषणांत उतरले; एका लग्नपत्रिकेतही आम्ही ते छापलेले पाहिले. त्यास आधार काय, असे कोणी विचारले असते, तर एका जुन्या कुलवृत्तांतातील चार ओळी आणि आमचा उत्साह, यांखेरीज दाखवावयास आमच्यापाशी काहीही नव्हते. वर्गात मुलांना 'पुरावा काय?' म्हणून दटावणाऱ्या शिक्षकाच्या हातून हे व्हावयास नको होते. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलेले. तरी निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा उत्खननांविषयीचे ग्रंथ चिकाटीने वाचले, पुण्यास डेक्कन कॉलेजचे संग्रहालय पाहिले, आणि ते विधान मागे घेणे प्राप्त झाले. मात्र वाचकांस आम्ही रिकाम्या हाती परत पाठवीत नाही. जे खरोखर सापडले आहे, ते आमच्या त्या कल्पनेहून पुष्कळच सरस आहे.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. ज्या काळी लेखनकला नव्हती तो काळ प्रागैतिहासिक. जेव्हा शेती, गावे, धातू आली, पण त्या लोकांनी स्वतःविषयी लिहिलेले असे काही आपल्या हाती नाही, अथवा असले तरी ते आपल्याला वाचता येत नाही, तो काळ आद्य-ऐतिहासिक. सिंधूकाठच्या नगरांतील मुद्रांवर अक्षरे आहेत, परंतु ती अद्यापि उलगडलेली नाहीत. म्हणून ती नगरेही या दुसऱ्या वर्गात मोडतात. या दोन्ही काळांचा इतिहास कागदांत सापडत नाही. तो मातीत शोधावा लागतो.

माती कशी वाचावी, हे आपल्या शेतकऱ्याला पूर्वीपासून थोडेफार ठाऊक आहे. आपल्याकडे शेतजमिनीस 'काळी' आणि गावठाणास 'पांढरी' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या एके ठिकाणी माणसे राहिली की राख, शेण, पडक्या भिंतींची माती यांनी जमीन पांढुरकी होते आणि तिचे टेकाड चढत जाते. अशी पांढरीची टेकाडे गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड या नद्यांच्या काठी जागोजाग आहेत. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा या शास्त्राचा पहिला नियम. जळलेल्या धान्याचे अथवा कोळशाचे वय काढण्याची किरणोत्सर्गी कार्बनची रीत अमेरिकेत लिबी यांनी १९४९ साली पुढे आणली, तेव्हापासून या थरांना सालेही लावता येऊ लागली.

अश्मयुगाविषयी आम्ही थोडक्यात आटोपतो. हिंदुस्थानातील पहिली पुराश्मयुगीन हत्यारे रॉबर्ट ब्रूस फूट या भूस्तरशास्त्रज्ञास १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे मिळाली. आपल्या मुंबईच्या उपनगरांत टॉड नावाच्या नौदलातील इंग्रज अधिकाऱ्याने कांदिवली व आसपासच्या भागातून दगडी हत्यारे गोळा केली आणि १९३२ व १९३९ साली त्यांविषयी लिहिले. त्यांत ओबडधोबड हातकुऱ्हाडींपासून नखाएवढ्या धारदार पात्यांपर्यंत सर्व प्रकार होते. आज जेथे लोकलला लोंबकळत माणसे कामावर जातात, तेथे एके काळी माणूस दगड फोडून शिकार करीत असे. खानदेशात पाटणे येथे साळी यांनी केलेल्या उत्खननात तर शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी निघाले. त्यांचा काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा मानतात. खानदेशात शहामृग! वर्गात हे सांगितले असते तर मुले हसली असती.

मग आपल्या कॉटन ग्रीनखाली काय आहे, असे वाचक विचारतील. प्रांजळपणे सांगावयाचे तर बहुतेक भरणीची माती. माझगाव ते शिवडी हा किनारा विसाव्या शतकाच्या आरंभी समुद्र हटवून भरला गेला. परंतु याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेस, प्रिन्सेस डॉक खणताना, १८७८ च्या सुमारास चिखलाखाली तीनशेहून अधिक झाडांचे बुंधे निघाले. कित्येक तर मुळांवर जसेच्या तसे उभे होते. म्हणजे जेथे पुढे जहाजे लागली तेथे एके काळी कोरडी जमीन आणि रान होते. मानवी वस्तीचा हा पुरावा नव्हे. परंतु आपल्या पायांखालचा किनारासुद्धा स्थिर नाही, हे त्यावरून कळते.

आता मुख्य विषयाकडे वळतो. मुंबईत जन्मलेले हसमुख धीरजलाल सांकळिया १९३९ साली डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे प्राध्यापक झाले. त्यांनी व शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली नाशिक आणि संगमनेरजवळील जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्वे येथे तांब्याच्या कुऱ्हाडी आणि तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली मडकी मिळाली. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली असता खणखणीत वाजावी! तोटीचे चंबू हे त्यांचे खास लक्षण. याच तऱ्हेची खापरे पुढे नेवासे, चांदोली, दायमाबाद अशा अनेक ठिकाणी निघाली आणि त्या लोकांच्या संस्कृतीस जोर्वे संस्कृती हे नाव पडले. त्यांचे खरे नाव काय होते, ते कोणती भाषा बोलत, हे सांगणारे साधन नाही.

त्यांच्या गावाचे सर्वांत पूर्ण चित्र पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगाव येथे मिळाले. तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत सांकळिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृती विद्वानांनी उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास वसलेले हे गाव सुमारे ९०० वर्षे नांदले. कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर, आत चूल, शेजारी धान्याचे पेव आणि कणगीसाठी बैठक, असे त्यांचे घर. मुख्य पीक सातू; शिवाय गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ. नदीचे पाणी वळवून त्यांनी पाट काढला होता आणि पुरापासून रक्षणासाठी बांध घातला होता. गुरे व शेळ्यामेंढ्या पाळीत, त्यांचे मांस खात आणि हरणाची शिकारही करीत. हे आमच्या काही शाकाहारी बंधूंस रुचणार नाही. पण चुलीजवळ सापडलेली हाडे आम्ही लपवू शकत नाही.

मूल दगावले तर ते दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरीत. सोबत लहान वाटीत अन्नपाणी ठेवीत. प्रौढांस उत्तरेकडे डोके करून निजवीत आणि बहुधा घोट्याखाली पाय तोडून पुरीत. मृताने उठून जाऊ नये, ही त्यामागील भावना असावी, असे विद्वान म्हणतात. पुण्यास ते कुंभ पाहताना आम्ही बराच वेळ तेथून हललो नाही. पुरण्यासाठी रानात जागा नव्हती असे नाही. आईने ते लेकरू उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नाही.

उत्तरेस डोके करून निजू नये, असे आपल्या घरांतील वडीलधारे आजही सांगतात. लहान मूल गेले तर त्यास अग्नी न देता पुरण्याची चालही आहे. हे वाचून 'पाहा, हेच आपले पूर्वज!' असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस तो झाला. परंतु चाल मिळतीजुळती असणे आणि वंश एक असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. शेजाऱ्याच्या घरची आमटी आपल्यासारखी झाली म्हणून तो आपला चुलतभाऊ ठरत नाही.

तीच गोष्ट ज्ञातीची. इनामगावात एक पाच खोल्यांचे मोठे घर निघाले आणि त्याच्या शेजारी कोठार होते. ते गावप्रमुखाचे असावे. कुंभार, सोनार, मणी घडविणारे यांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेस होती, आणि सुस्थितीतील शेतकरी मध्यभागी राहत, असे ढवळीकरांनी मांडले आहे. म्हणजे लहानमोठा हा भेद तेव्हाही होता. पण कडेला राहणाऱ्या कुंभाराचा मुलगा कुंभारच झाला की नाही, मधल्या घरची मुलगी कडेच्या घरी दिली जात होती की नाही, हे खापर सांगत नाही. ज्ञाती म्हणजे जन्म आणि लग्न यांचे बंधन. त्याचा पुरावा त्या पांढरीत मिळालेला नाही. तेव्हा तेथे कोणत्याही ज्ञातीचे नाव लिहिणे, आपल्या अथवा इतर कोणाच्या, हे खोटे ठरेल. इ. स. पूर्व १००० नंतर पाऊसमान घटले असावे. प्रशस्त घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास ते गाव उठले. ती माणसे कोठे गेली, कोणाकोणात मिसळली, याचा माग तेथे तुटतो.

आता तो धागा. नेवासे येथील उत्खननात एका मुलाच्या सांगाड्याच्या गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ होती. सूत मातीत फार काळ टिकत नाही. परंतु तांब्याच्या गंजाने मण्यांतील दोरा सांभाळला. त्याची परीक्षा ए. एन. गुलाटी यांनी केली आणि १९६१ साली ती डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. त्या दोऱ्यात कापूस आणि रेशीम हे दोन्ही तंतू निघाले. चांदोलीच्या मण्यांतील दोरा अळशीच्या तागाचा ठरला. हे गुलाटी आपणांस परके नव्हत. माटुंग्याची कापसाची प्रयोगशाळा १९२४ साली स्थापन झाली. मोहेंजोदडो येथील चांदीच्या भांड्यास चिकटलेले कापड कापसाचे आहे, हे टर्नर आणि गुलाटी यांनी तेथेच तपासून १९२८ साली सांगितले. पुढे बलुचिस्तानात मेहरगढ येथे तांब्याच्याच मण्यांत त्याहूनही कितीतरी जुने, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे, कापसाचे तंतू ओळखले गेले.

एका धाग्यावरून नेवाशाच्या काळ्या जमिनीत तेव्हा कापूस पिकत होता असे सिद्ध होत नाही. तो धागा व्यापारातूनही आला असेल. पण कोणीतरी चातीवर सूत काढले, कोणीतरी मणी ओवले आणि ती माळ गेलेल्या मुलाच्या गळ्यातून काढून घेतली नाही, एवढे निश्चित. तांबे तेव्हा स्वस्त नव्हते.

कापसाचे नाव निघाले की आम्हांस आमचे वडील आठवतात. कुलाब्याचा कापूसबाजार १९२० च्या दशकात शिवडीकडे हलला आणि जुन्या बाजाराचे 'कॉटन ग्रीन' हे नावही आपल्याबरोबर इकडे घेऊन आला. त्या गोदामांत वडील गासड्या मोजण्याचे काम करीत. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर रुईचे तंतू असत आणि आई ते पदराने टिपी. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे अशाच कामांच्या निमित्ताने या भागात आली. त्यांचा इतिहास पाच सहस्र वर्षांचा नाही, शंभर वर्षांचा आहे. पण त्यास पुरावा मिळू शकतो.

तरी रौप्यमहोत्सवी अंकातील आमचा लेख वाचकांनी रद्द समजावा; ज्यांच्या संग्रही तो असेल त्यांनी या लेखाची प्रत त्यात घालून ठेवावी. आणि ज्यांच्या घरी गोदामांतील अथवा गिरण्यांतील पगारपत्रके, हजेरीची पितळी बिल्ले, चाळीच्या भाड्याच्या पावत्या, गावाकडून आलेली पत्रे असतील, त्यांनी ती मंडळाच्या कार्यालयात रविवारी सकाळी आणून दाखवावीत. नक्कल उतरून घेऊन मूळ कागद त्याच दिवशी परत करण्याची जबाबदारी आम्ही घेतो.