मागच्या चाकाची उसळी

1928 साली इटलीतल्या कोमो सरोवराकाठच्या मान्देल्लो देल लारिओ या गावातून जुझेप्पे गुत्झी मोटरसायकलवर निघाले, ते हजारो किलोमीटर तुडवत थेट नॉर्वेत, आर्क्टिक वृत्तापर्यंत जाऊन आले. ‘मोटो गुत्झी’ या कंपनीचे संस्थापक कार्लो हे त्यांचे भाऊ. ही स्वारी हौसेची असली तरी नुसती हौस नव्हती. दोघा भावांनी 500 सीसीच्या गाडीला एक नवी चौकट बनवली होती. तिचं मागचं चाक वरखाली हलायचं आणि त्याचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगा इंजिनाखालच्या पेटीत आडव्या बसवल्या होत्या. चाक असं हललं की गाडी हातातून जाते, असं तेव्हाचे जाणकार छातीठोकपणे सांगत. त्यांना तोंडी उत्तर देण्यापेक्षा जुझेप्पे युरोपभरच्या कच्च्या रस्त्यांवरून गाडी पिटाळत गेले आणि धडधाकट परतले. गाडीला ‘नॉर्जे’ हे नाव पडलं. गिऱ्हाइकं मात्र तिच्याकडे फारशी फिरकली नाहीत.

लांबच्या प्रवासाच्या गाडीला मागचे शॉक कोणते लावावेत, यावर आज पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत चहाचे पेले रिकामे होईपर्यंत वाद रंगतात. तेव्हा वाद त्याच्याही आधीच्या पायरीवर अडला होता. मुळात मागे काही लावावं का?

तोवर मोटरसायकल म्हणजे इंजिन बसवलेली सायकलच होती. पुढच्या फोर्कला स्प्रिंग आली होती, कारण पुढचे हादरे थेट मनगटात उतरत. मागचं चाक मात्र चौकटीत जखडलेलं असायचं. चालवणाऱ्याच्या पाठीची काळजी सीटखालच्या दोन जाड स्प्रिंगांनी आणि टायरातल्या हवेने घ्यायची. अपवाद होते. अमेरिकेच्या ‘इंडियन’ कंपनीने 1913 साली मागे कमानपाटे लावलेली चौकट काढली होती. टांग्याला असतात त्याच जातीचे पाटे. इंग्लंडात फिलिप व्हिन्सेंट या तरुणाने 1928 सालीच आपली हलती चौकट आणली, पण स्प्रिंगा अशा खुबीने सीटखाली दडवल्या की लांबून बघणाऱ्याला गाडी जुन्या धाटणीचीच वाटावी. नवं विकायचं तर ते जुन्यासारखं दिसलं पाहिजे, ही व्यापारातली जुनी अक्कल.

शंका घेणारे अगदीच अडाणी नव्हते. चाक वरखाली झालं की चेन कधी ताणली जाते, कधी सैल पडते. सांध्यातली बुशं झिजली की मागचं चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही आणि वळणावर गाडी शेपूट हलवते. सगळ्यात मोठी अडचण तर स्प्रिंगेचीच. एकट्या स्प्रिंगेला थांबणं माहीत नसतं. दाबली की ती उसळते, उसळली की परत दबते. एका खड्ड्याचं देणं ती पुढे पन्नास पावलं फेडत बसते. म्हणून तिला वेसण घालणारं काहीतरी लागतं. सुरुवातीला ही वेसण म्हणजे एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या होत्या, मधला बोल्ट आवळला की उसळी मंदावायची. तेलाची वेसण पुढे आली.

आपण ज्याला सर्रास ‘शॉकअप’ म्हणतो त्यात खरं तर दोन कामगार एकाच अंगरख्यात राबतात. स्प्रिंग वजन पेलते आणि आतल्या नळीतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जाताना स्प्रिंगेचा उतावळेपणा जिरवतं. ही फोड ज्याला कळली, त्याची शॉक निवडताना फसगत कमी होते.

जाणकारांची तोंडं बंद झाली ती शर्यतीत. 1935 सालच्या आइल ऑफ मॅन टीटीच्या सीनिअर शर्यतीत आयरिश स्वार स्टॅन्ली वुड्स मोटो गुत्झीवर होता, मागचं चाक हलणारी गाडी घेऊन. त्याच्यासमोर नॉर्टनवर जिमी गथ्री, मागचं चाक घट्ट जखडलेलं. शेवटच्या फेरीआधी वुड्स पेट्रोलला थांबणार, असं सगळे धरून चालले होते. तो थांबलाच नाही. गथ्रीचं अभिनंदन सुरू झालेलं असताना निकाल लागला. वुड्स 4 सेकंदांनी पहिला. पुढच्याच वर्षी नॉर्टनच्या शर्यतीच्या गाड्यांना मागे स्प्रिंगा आल्या. आर्क्टिक वृत्तापर्यंतच्या प्रवासाने जे पटलं नव्हतं, ते 4 सेकंदांनी पटवलं.

वुड्स पुढे व्हेलोसेटकडे गेला आणि कथेला विमानाचं वळण लागलं. डाउटी ही कंपनी विमानांच्या चाकांचे पाय बनवायची. धावपट्टीवर आदळणारं टनावारी धूड हवा आणि तेलाच्या जोरावर अलगद टेकवणं हा तिचा धंदा. तिच्या हवेच्या नळ्या व्हेलोसेटच्या शर्यतीच्या गाड्यांच्या मागे बसल्या. चाक आता एका आडव्या दुहेरी दांडीच्या टोकाला होतं आणि दांडी चौकटीत सांध्यावर हलत होती. गॅरेजमधले मिस्त्री हिला ‘चिमटा’ म्हणतात आणि इंग्रजी नावापेक्षा तो शब्द जास्त चपखल आहे.

प्रवासी गाडीच्या दृष्टीने व्हेलोसेटची खरी देणगी मात्र दुसरीच. फिल आयर्विंग या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने शॉकचं वरचं टोक एका वक्र खाचेत बसवलं. नट सैल करून ते पुढे सरकवलं की शॉक तिरपा होऊन मऊ पडे. मागे ओढून उभा केला की कडक होई. एकटा जाणारा, बायकोला मागे बसवून जाणारा आणि सामान लादून जाणारा अशा तिघांना एकच शॉक पुरणार नाही, हे या खाचेने मान्य केलं होतं. शर्यतीत वजन ठरलेलं असतं, प्रवासात ते दर मुक्कामाला बदलतं. पुढच्या सगळ्या सुधारणांमधून प्रवाशाच्या कामाच्या निवडायच्या झाल्या, तर त्यांचं मूळ या खाचेत सापडतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रत्येक कारखाना आपापल्या तऱ्हेने या कोड्याशी झटला. काहींनी चाकाचा आस दोन उभ्या नळ्यांमध्ये वरखाली सरकवला. ट्रायम्फने 1947 साली स्प्रिंगा चक्क मागच्या हबच्या पोटात कोंबल्या. दिसायला देखणं, पण तो हब उघडायचा म्हणजे खास साधन हवं. नाहीतर दाबून बसवलेली स्प्रिंग मिस्त्रीच्या तोंडावर यायची.

चेकोस्लोव्हाकियात तर मागच्या स्प्रिंगांनी गाडीचं बारसं केलं. जर्मनांच्या ताब्यात असताना चोरून आखलेली जावा 250 युद्धानंतर 1946 साली बाहेर आली. तिच्या मागे उभ्या नळ्यांतल्या स्प्रिंगा होत्या आणि लोक तिला ‘पेराक’ म्हणू लागले, म्हणजे स्प्रिंगवाला. त्याच नावाचा, बुटांना स्प्रिंगा लावून भिंतींवरून उड्या मारणारा एक गूढ माणूस युद्धकाळात प्राग शहराच्या आख्यायिकांमध्ये वावरत होता, तेव्हा नाव दोन्हींकडून शोभलं. 1954 साली तिच्या जागी चिमटेवाली जावा आली. ती ‘कीवाच्का’, म्हणजे झुलणारी. मुंबईच्या इराणी मंडळींनी आयात केलेली आणि 1961 पासून म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’च्या कारखान्यात बनू लागलेली जावा ती हीच. गावोगावच्या जावावाल्यांना गाडीचं हे झुलतं नाव बहुधा ठाऊक नसेल. झुलणं मात्र त्यांच्या पाठीला पाठ होतं.

युद्धानंतरच्या याच काळात बुलेट नव्या रूपात अवतरली. रॉयल एनफील्डने तिचं चिमटा आणि तेलाचे शॉक लावलेलं रूप 1948 साली कोलमोर कप या खडतर स्पर्धेत उतरवलं. नाकं मुरडली गेली. त्याच वर्षी इटलीतल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जिंकलेल्या ब्रिटिश संघात दोन बुलेट होत्या आणि दोन्ही स्वारांना सुवर्णपदकं मिळाली. मग भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी 1952 साली 350 सीसीच्या बुलेट मागवल्या आणि 1955 मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. आज मराठी पोरं ज्या बुलेटवर लडाख गाठतात, तिच्या मागच्या दोन शॉकचा दाखला असा चिखल-दगडांच्या स्पर्धेतला आहे. अमेरिकेच्या हार्ली-डेव्हिडसनला मागचे शॉक द्यायला 1958 साल उजाडलं. ‘ड्युओ-ग्लाइड’ या नावातला ‘ड्युओ’ म्हणजे पुढे आणि मागे, दोन्हीकडे.

शॉकच्या बुडाशी पायऱ्यांची रिंग आली, ती हूक पान्याने फिरवायची, आणि आयर्विंगची खाच मागे पडली. सोय झाली, पण तिच्यासोबत एक गैरसमजही आला, तो अजून मुक्कामाला आहे. रिंग चढवली की स्प्रिंग कडक होते, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. ज्या स्प्रिंगेला 1 सेंटीमीटर दबायला 20 किलो लागतात, तिला रिंगेने आधीच 1 सेंटीमीटर दाबून ठेवलं तरी पुढच्या सेंटीमीटरला 20 किलोच लागणार. रिंग फक्त बसकी गाडी उचलते. म्हणून जाणते लोक आधी मोजपट्टी काढतात. माणूस, सामान, मागचा सोबती सगळे चढल्यावर गाडी किती बसते ते पाहायचं. शॉकच्या एकूण चालीच्या पाव ते तृतीयांश भागाइतकी बसली तर ठीक. रिंग शेवटच्या पायरीवर नेऊनही ती त्याहून खाली जात असेल, तर स्प्रिंगच जाड हवी. तिथे महागडं नाव उपयोगी पडत नाही.

तेलाची गोष्ट घाटात उघडी पडते. खड्ड्यामागून खड्डा जिरवताना ती सगळी ताकद शेवटी उष्णता होऊन तेलात उतरते. तेल पातळ होतं, आतली हवा त्यात मिसळते, फेस होतो. फेसातून नळीतला दट्ट्या सरकताना अडणार कशाला? सकाळी शहाण्यासारखी वागणारी गाडी दुपारपर्यंत होडीसारखी डुलायला लागते ती यामुळे. फ्रान्सच्या ख्रिस्तियां द कार्बों यांनी तरंगत्या दट्ट्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला दाबाखालचा वायू ठेवून या फेसावर तोड काढली. 1973 साली बेल्जियमच्या ल्युसियां टिल्केन्सच्या कल्पनेतून यामाहाने मागे एकच लांब शॉक लावला आणि त्या गाडीवर होकान आंदेर्सन 250 सीसीचा मोटोक्रॉस जगज्जेता झाला. 1976 मध्ये स्वीडनच्या केंट ओलिन यांनी आपल्या नावाची कंपनी काढली. दोनच वर्षांत गेन्नादी मोइसेयेव त्यांचे शॉक लावलेल्या केटीएमवर जगज्जेता ठरला. ते सोनेरी शॉक आज प्रवासी गाड्यांवर मिरवतात.

महाराष्ट्राचा या धंद्याशी संबंध नुसता खड्ड्यांपुरता नाही. गॅब्रिएल इंडिया 1961 साली सुरू झाली, तिचा कारखाना तेव्हा मुंबईत मुलुंडला होता. नाव अमेरिकन कंपनीचं. त्या कंपनीचे क्लॉड फॉस्टर आधी मोटारींचे सुरेल भोंगे बनवत आणि भोंग्याला त्यांनी तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचं नाव दिलं होतं. पुढे पुण्याच्या बजाजने पल्सरच्या शॉकना नायट्रोजनच्या डब्या जोडल्या आणि द कार्बोंचा वायू कॉलेजच्या पार्किंगमध्ये येऊन उभा राहिला. एनफील्डने मात्र मागे एकच शॉक लावायला 2016 पर्यंत, म्हणजे हिमालयन येईपर्यंत, वाट पाहिली. तिच्या मागच्या चाकाची चाल 180 मिलिमीटर.

बदलत्या वजनाच्या प्रश्नाला जपान आणि जर्मनीने पैशाने उत्तर दिलं. होंडाने 1980 च्या गोल्डविंगला हवेचे शॉक दिले, भार वाढला की हवा भरायची. बीएमडब्ल्यूने 2004 साली बटण दिलं. पडद्यावर एक हेल्मेट, हेल्मेटसोबत बॅग, किंवा दोन हेल्मेट यातलं चित्र निवडायचं; बाकीचं मोटर बघते. आयर्विंगचा नट सैल करायला लागणारा पाना तेवढा वाचला.

मोटो गुत्झीने 2006 साली ‘नॉर्जे’ हे नाव पुन्हा काढलं, या वेळी 1200 सीसीच्या प्रवासी गाडीसाठी. तिच्या मागच्या शॉकला हाताने फिरवायची एक गोल मूठ आहे. सामान बांधून झालं की ती चार वेढे आवळायची आणि निघायचं.